चौकार-षटकारांची मजुरी

चीअरलीडर्सचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच बाजू बोलतात. एक संस्कृतीवाली: हे काय चाललंय, क्रिकेट बघायला आलोय की नाच बघायला? दुसरी मॉडर्न वगैरे: अहो जाऊ द्या, जगात सगळीकडे असतं, एवढं काय मनावर घेता. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, आणि दोघांचंही बोलणं त्या मुलींच्या स्कर्टच्या लांबीपाशी सुरू होऊन तिथेच संपतं. तिला मॅचचे किती मिळतात, कोण देतं, कधी देतं आणि नाही दिले तर तिने कुणाच्या दारात जायचं, हे विचारणारी तिसरी बाजू मला तरी फारशी भेटलेली नाही. म्हणून या शनिवारी ती बाजू मीच मांडून बघतो.

असं का होतं हे समजून घ्यायला आम्हा रायगडकरांना लांब जायची गरज नाही. पनवेलपर्यंत गेलं तरी पुरे. ३० मार्च २००५ ला पनवेलचे तेव्हाचे आमदार विवेक पाटील यांनी विधानसभेत डान्सबारवर लक्षवेधी मांडली. रायगडातली तरुण पोरं बारमध्ये पैसे उधळतायत, घरं उद्ध्वस्त होतायत, हा मुद्दा. आणि मुद्दा खोटा नव्हता, आमच्याकडे जमिनीचे पैसे कुठे कुठे गेले हे सगळ्यांना माहीत आहे. त्यावर गृहमंत्री आर. आर. पाटलांनी बंदी जाहीर केली, आणि १५ ऑगस्ट २००५ पासून ती लागू झाली. ७५ हजार बायकांचा रोजगार गेला, असं तेव्हा कोर्टात सांगितलं गेलं.

आता त्या कायद्यातली एक गंमत बघा. थ्री-स्टार आणि त्यावरच्या हॉटेलांना आणि जिमखाना-क्लब वगैरेंना त्यातून सूट होती. म्हणजे तोच नाच पनवेलच्या बारमध्ये अश्लील आणि पंचतारांकित हॉटेलात करमणूक! नेमक्या याच भेदावर बोट ठेवून मुंबई हायकोर्टाने १२ एप्रिल २००६ ला बंदी रद्द केली. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, बार बंदच राहिले, आणि १६ जुलै २०१३ ला सुप्रीम कोर्टानेही हायकोर्टाचाच निकाल कायम केला. त्यात कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की बंदीमुळे बेकार झालेल्या अनेक बायकांवर वेश्याव्यवसायाची पाळी आली. म्हणजे ज्यांच्या प्रतिष्ठेसाठी बंदी घातली त्यांचीच प्रतिष्ठा गेली.

मधल्या काळात, बार बंद असतानाच, १८ एप्रिल २००८ ला बंगळुरात आयपीएल सुरू झाली. बंगळुरूच्या संघाने तर अमेरिकन फुटबॉलमधल्या वॉशिंग्टनच्या संघाच्या चीअरलीडर्स आणल्या. आमच्या शेजारी नेरूळला, डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबई इंडियन्सच्या मॅचेस झाल्या, १ जूनची फायनलही तिथेच झाली. पनवेलपासून हे अंतर किती, तर लोकलने अर्धा तास. एकीकडे नाच म्हणून रोजगार बंद, दुसरीकडे नाच म्हणून टीव्हीवर जाहिराती. पुढाऱ्यांनी आक्षेप घेतलेच, पण कशावर? कपड्यांवर. त्यावर उपाय काय निघाला? २०११ मध्ये पुणे वॉरियर्सने भारतीय नृत्याच्या पोशाखातल्या नर्तिका आणल्या आणि त्यांना 'चीअर क्वीन्स' म्हटलं. पोशाख बदलला. करारात काय बदललं हे कुणी विचारलं नाही.

आता मी सॉफ्टवेअरवाला माणूस, मला या सगळ्यात ओळखीचं काही दिसलं तर ते म्हणजे कंत्राटाची उतरंड. आमच्या धंद्यात क्लायंट असतो, त्याच्या खाली मोठा व्हेंडर, त्याच्या खाली छोटा व्हेंडर, आणि सगळ्यात खाली काम करणारा प्राणी. तो रोज क्लायंटच्या ऑफिसात बसतो, क्लायंटच्या मॅनेजरचं ऐकतो, पण त्याच्या गळ्यातल्या कार्डाचा रंग वेगळा असतो. पगार अडकला की क्लायंट म्हणतो व्हेंडरला विचारा, मोठा व्हेंडर छोट्याकडे बोट दाखवतो आणि छोटा फोन उचलत नाही. मैदानातल्या नाचाचंही तसंच आहे. वर संघ, मग इव्हेंट कंपनी, मग एजन्सी, मग को-ऑर्डिनेटर, आणि शेवटी ती मुलगी. प्रत्येक पायरीवर थोडा थोडा कट. अंगावरचे कपडे संघाच्या रंगाचे, हातातले पॉम-पॉम संघाच्या रंगाचे, पण संघाला विचारलं तर ती 'आमची' नाही.

हा फक्त आपल्याकडचा प्रकार आहे असंही नाही. ज्या अमेरिकेतून ही कल्पना आली तिथे २०१४ साली ओकलंड रेडर्सच्या चीअरलीडरने कोर्टात दावा लावला. दाव्यातला हिशोब वाचण्यासारखा आहे: मॅचला १२५ डॉलर, म्हणजे दहा मॅचेसच्या सीझनचे १,२५० डॉलर, तेही सीझन संपल्यावर. सरावाचे पैसे नाहीत. केस आणि मेकअपचा खर्च बराचसा स्वतःच्या खिशातून. चुकीचे पॉम-पॉम आणले तर वर दंड. त्याच वर्षी संघाने साडेबारा लाख डॉलरवर तडजोड केली, आणि २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदाच केला की व्यावसायिक संघाच्या चीअरलीडर्स या संघाच्या कर्मचारी धरल्या जातील.

बफेलोची गोष्ट तर आपल्या उतरंडीची हुबेहूब कॉपी. तिथे पथक चालवायला मध्ये दुसऱ्या कंपन्या होत्या, त्यामुळे संघाचं म्हणणं, आम्ही मालकच नाही. २०१४ मध्ये मुलींनी दावा लावला, पथक बंद करण्यात आलं, आणि तडजोड व्हायला २०२२ उजाडलं. रक्कम साधारण ७४ लाख डॉलर. आठ वर्षं! एवढी ताकद ज्यांच्याकडे वकील आणि युनियनची सवय आहे अशा देशात लागली. आपल्याकडे तारखेला जायला गाडीभाडं कोण देणार?

आपल्याकडे काय होतं ते २०११ मध्ये दिसलं. मुंबई इंडियन्सबरोबर दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या एका तरुण नर्तिकेने मॅचनंतरच्या पार्ट्यांमध्ये खेळाडू कसे वागतात ते निनावी लिहिलं. नाव फुटलं, आणि तिला सीझन अर्धवट टाकून घरी जावं लागलं. लिहिलं त्यातलं खरं किती, खोटं किती, याची शहानिशा व्हायच्या आधीच लिहिणारी विमानात.

तुम्ही म्हणाल आयपीएल लांबची गोष्ट, तिथे निदान एसी बस तरी असते. ठीक आहे, मग आपल्या किनाऱ्यावर या. दिवाळीनंतर भात कापून झाला की उरणपासून मुरुडपर्यंत शेतं मोकळी होतात आणि टेनिस बॉलच्या टूर्नामेंट सुरू होतात. आगरी-कोळी गावांमधलं हे वेड ज्याने बघितलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. चषक, मॅन ऑफ द सिरीजला बाईक, यूट्यूबवर लाईव्ह, कॉमेंटेटर तर असा की गावस्करांनी कान टवकारावेत. गेल्या काही वर्षांत कुठे कुठे स्टेज बांधून मुंबईहून नाचणाऱ्या मुलीही आणतात. अशाच एका स्पर्धेत मी चहाच्या टपरीवर उभा होतो. चार मुली सकाळी नऊपासून उन्हात चौकार-षटकारावर नाचत होत्या. कपडे बदलायला टेम्पो, त्याला मागून चादर बांधलेली. बाथरूमसाठी जवळच्या एका घरातल्या म्हाताऱ्या आजींनी दार उघडलं म्हणून बरं. त्यातली एक पाणी घ्यायला आली, तिला विचारलं, पैसे कधी मिळतात? म्हणाली, "को-ऑर्डिनेटरचं पेमेंट सुटलं की, दादा." आणि सुटलं नाही तर? ती हसली आणि बाटली घेऊन गेली. डीजेने गाणं बदललं होतं.

आता एक गोष्ट सांगतो ती कदाचित उलटी वाटेल. तमाशाला आपण मागासलेला म्हणतो. पण नारायणगावला पाल-राहुट्या पडतात, गावोगावचे पुढारी येऊन सुपाऱ्या ठरवतात, आणि कलावंताला फडमालक उचल देतो. त्यात शोषण नाही असं म्हणायचं धाडस मी करणार नाही, उचलीत अडकलेली माणसं वर्षानुवर्षं सुटत नाहीत. पण निदान मालक कोण हे माहीत असतं. फडावर त्याचं नाव लिहिलेलं असतं! भांडायचं तर कुणाशी हे त्या बाईला ठाऊक असतं. मैदानावरच्या मुलीला तेवढंही नाही.

आणखी एक उलटी गोष्ट. डान्सबारसाठी महाराष्ट्राने २०१६ मध्ये नवा कायदा केला, मुख्य हेतू नाच आटोक्यात ठेवण्याचा. त्यातल्या बऱ्याच अटी सुप्रीम कोर्टाने १७ जानेवारी २०१९ ला रद्द किंवा सैल केल्या. पण एक अट ठेवली: काम करणाऱ्या बाईशी लेखी करार हवा आणि तिचे पैसे बँकेत जमा व्हावेत. म्हणजे ज्या नाचाकडे आपण नाक मुरडतो त्यासाठी करार सक्तीचा, आणि ज्या नाचासमोर कुटुंबासकट टाळ्या वाजवतो त्याचा हिशोब फोनवरच्या शब्दावर.

"कुणी जबरदस्ती केली का? स्वतःहून येतात ना?" हा प्रश्न हमखास येतो. अहो, आपणही ऑफिसला स्वतःहूनच जातो. म्हणून महिनाअखेरीला पगार नको म्हणतो का? राजीखुशीने काम करणं आणि राजीखुशीने फुकट काम करणं यात फरक आहे. "पण प्रसिद्धी मिळते की!" प्रसिद्धीने खोलीचं भाडं भरता येत नाही. दुसरा आक्षेप: मग बंदच करा ना हे, नकोच ती भानगड. हा मला जास्त गंभीर वाटतो, कारण बोलणारे बऱ्याचदा मनापासून बोलतात. पण तो प्रयोग आपण पनवेलपासून सुरू करून आठ वर्षं केलेला आहे, त्याचा निकाल वर लिहिलाय.

आणि पैसे नाहीत असंही नाही. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएल प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. बीसीसीआयने ऑक्टोबर २०२२ मध्ये महिला खेळाडूंची मॅच फी पुरुषांइतकी केली, ते मनापासून आवडलं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ ला हैदराबादच्या मॅचमध्ये चीअरलीडर्स नाहीत, फटाके नाहीत, असं ठरलं. शोक पाळायलाच हवा होता. पण खेळाडू काळी पट्टी बांधून खेळले, त्यांची फी चालू राहिली. नाचणारींना फटाक्यांच्या यादीत टाकलं गेलं. त्या रात्रीचे त्यांचे पैसे मिळाले का, हा प्रश्न कुणी विचारला?

मला क्रांती वगैरे नकोय. तीन साध्या गोष्टी हव्यात. पहिली, करार लेखी हवा आणि त्यात सरावाचे तास, प्रवास, आणि मॅच रद्द झाली तर काय, हे लिहिलेलं हवं. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात, त्यात कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं बंधन आहेच. दुसरी, मधल्या कुणी पैसे बुडवले तर ते वरच्याने भरायचे. ज्याच्या रंगाचे कपडे, त्याची जबाबदारी. तिसरी, तक्रारीची जागा. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कंत्राटदारामार्फत आलेली बाईसुद्धा धरलेली आहे, आणि छोट्या ठिकाणांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तिचा फोन नंबर कपडे बदलायच्या खोलीत चिकटवायला किती खर्च येतो?

आणि आपल्या गावच्या स्पर्धांसाठी तर याहून सोपं आहे. लाउडस्पीकरसाठी पोलिसांची परवानगी घ्यावीच लागते. त्या अर्जात दोन ओळी वाढवा: कलाकारांसाठी बंद खोली, स्वच्छतागृह आणि पाण्याची सोय केली आहे, त्यांचं मानधन त्याच दिवशी त्यांच्या खात्यावर जाईल. मॅन ऑफ द सिरीजला बाईक देणाऱ्या मंडळाला हे जड नाही. येत्या सीझनला तुमच्या गावच्या मंडळात कुणी ओळखीचं असेल तर एवढं बोलून बघा, आणि काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळवा.