वळवाच्या मागे

अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात वादळांचा पाठलाग करणाऱ्यांची एक जमातच आहे. अकोल्यात तसे काही नाही. तरीही मे महिन्यातील एका शनिवारी आम्ही दोघे मराठीचे अध्यापक आणि भूगोल विभागातील एक स्नेही वळवाच्या मागे निघालो. निमित्त वर्गातले होते. शंकर पाटील यांच्या 'वळीव' या कथासंग्रहाचा उल्लेख होताच एका विद्यार्थिनीने विचारले होते, "सर, वळीव म्हणजे अवकाळीच ना?" आम्हांला चटकन उत्तर देता आले नव्हते.

दुपारी दोनपर्यंत आभाळ कोरडे होते. तीनच्या सुमारास दक्षिणेला, मुळेच्या खोऱ्यावर, एक ढग उभा चढू लागला. तापलेली जमीन आणि समुद्रावरून आलेली ओलसर हवा यांवर तो पोसतो. पुढे त्याच्याच पोटातून खाली कोसळणारी थंड हवा त्याची रसद तोडते आणि तासाभरात तो संपतो, हे स्नेह्यांनी समजावले. एका शिवारात धो धो आणि शेजारच्यात धूळ, ती यामुळेच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेले 'दामिनी' त्यांच्या मोबाइलवर होते. वीज वीस किलोमीटरच्या आत दिसू लागताच त्यांनी मोटार रस्त्याकडेला घेतली आणि कुणालाही खाली उतरू दिले नाही. साहित्याच्या माणसांना एवढा धीर नसतो, हे कबूल केले पाहिजे.

घाट उतरून कोतूळच्या बाजूला पोचलो तेव्हा पाऊस होऊन गेला होता. मातीच्या वासावर आमचे बोलणे सुरू झाले, तोच बांधापलीकडे एक शेतकरी काढलेल्या कांद्यावरचा कागद झटकताना दिसला. ढिगाची एक बाजू पूर्ण भिजली होती. आम्ही आमचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. ते म्हणाले, "वळीवच हा, सर. पण पंचनाम्यात वळीव लिहून भागंल का?"

मुद्दा येथेच आहे. अवकाळी म्हणजे काळ सोडून आलेला. मार्गशीर्ष-पौषात कोसळतो तो. वैशाखातल्या पावसाला भाषेने स्वतंत्र नाव दिले, कारण त्याला स्वतःचा काळ आहे. वर्तमानपत्रे हा भेद पुसत आहेत, अशी तक्रार आम्हीही करीत होतो. परंतु शासनाच्या आपत्तींच्या यादीत 'अवेळी पाऊस' आहे, वळीव नाही. ज्या शब्दाने भरपाई मिळू शकते तो शब्द शेतकरी उचलणारच.

शिवाय दोष एकट्या वर्तमानपत्रांचा नाही. वर्षानुवर्षे आम्ही वळीव शिकवला तो मृद्गंध, हुरहूर, प्रीती यांच्या संगतीत. भिजलेला कांदा त्यात कधी आलाच नाही. शब्द इतका सुगंधी करून ठेवल्यावर नुकसान सांगायला माणसाने दुसरा शब्द शोधला, तर नवल कसले? कोशात तो शाबूत राहील. बोलीतला त्याचा निम्मा अर्थ मात्र आम्हीच घालवला, असे आम्हांस वाटते.

आता तर काळाची कुंपणेही हलू लागली आहेत. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत आला. एरवीची तारीख ११ जून. त्या वर्षी वळीव कुठे संपला आणि पावसाळा कुठे सुरू झाला, हे सांगताना आमचे स्नेहीसुद्धा अडखळतात.

कॉलेज उघडल्यावर त्या विद्यार्थिनीला आम्ही हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "आमच्याकडं आजी वळीव म्हणते, वडील अवकाळी म्हणतात. पाऊस एकच असतो, सर."