निर्बंधांनी अडले काय?

इराणवरील निर्बंधांची बातमी वाचली, की मला आठवते ती आपल्या घाटकोपरपासून फार दूर नसलेल्या ट्रॉम्ब्याची ‘सायरस’ अणुभट्टी. कॅनडाने दिलेली, अमेरिकेच्या जड पाण्यावर चाललेली. तिच्यातल्या प्लुटोनियमवर १९७४ चा पोखरण स्फोट झाला आणि कॅनडाने अंग काढून घेतले. राजस्थानातील दुसरी वीजभट्टी रखडली. ती चालू व्हायला १९८१ उजाडले.

तारापूरची कथा तर विचारूच नका. महाराष्ट्र-गुजरातला वीज देणाऱ्या या केंद्राला इंधन पुरविण्याचा करार अमेरिकेने १९६३ मध्ये केला होता. पुढे स्वतःच्याच १९७८ च्या कायद्याकडे बोट दाखवून तिने हात झटकले. वाटाघाटींचे गुऱ्हाळ चालले. अखेर १९८२ मध्ये फ्रान्स पुढे आला. वापरलेले इंधन अमेरिका परत नेईना, त्यावर प्रक्रियाही करू देईना. ते तारापुरातच साचत राहिले.

एवढे करून बॉम्ब अडला का? ट्रॉम्ब्यातच १९८५ मध्ये स्वदेशी ‘ध्रुव’ सुरू झाली, १९९८ मध्ये पोखरण पुन्हा हादरले. अडली ती वीज. (स्वावलंबनाचे कौतुक मलाही आहे; पण त्यापायी गेलेली वर्षे कोण मोजतो?) परदेशी युरेनियमची वाट २००८ मध्ये उघडली, ती वाटाघाटींतून.

अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर भारताने सही केली नाही, इराणने केली आहे. हा फरक मोठाच. तरीही २०१५ च्या समझोत्याने इराणचे युरेनियम समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांवर रोखले होते. २०१८ मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली, निर्बंध परतले. २०२१ मध्ये इराण ६० टक्क्यांवर पोहोचला.