घरच्या काकडीचें बियाणें

काकडीचें बियाणें घरचें असावें कीं दुकानांतून आणावें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटतो. आमच्या मतें तो तसा नाहीं. आणि आमचें हें मत नुकसान सोसून झालेलें आहे.

आमच्या सांगलीच्या घरीं मातोश्रींच्या वेळेपासून परसांत एकच काकडी होत असे. ती आंखूड, फिक्या हिरव्या रंगाची, पिकल्यावर तांबूस पिवळी. तिच्या बिया राखेंत घोळून गाडग्यांत ठेवलेल्या असत. सन २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचें पाणी आयर्विन पुलापाशीं ५७ फुटांच्या वर चढलें, त्या पुरांत तें गाडगें गेलें. पुढील वर्षीं आम्हीं संकरित बियाणाची पुडी आणली. वेल जोमदार आले, काकड्याही भरपूर लागल्या. हें नाकबूल करणें अन्यायाचें होईल. परंतु त्याच पिकाच्या बिया राखून पुन्हां लाविल्या, तेव्हां एक वेल एका तऱ्हेचा तर दुसरा निराळ्याच तऱ्हेचा निघाला. हा त्या बियाणाचा दोष नव्हे, स्वभावच होय. दोन भिन्न कुळांचे गुण पहिल्या पिढींत एकत्र नांदतात व दुसरींत विखुरतात. बाजारासाठीं पिकविणाऱ्यानें तें दरसाल विकत घेण्यांत हिशेब असेल. चार वेलांच्या परसास तो लागू पडत नाहीं.

पुढें साताऱ्यास आत्याबाईंकडे गेलों असतां त्यांच्या मांडवावर तीच आंखूड काकडी लोंबतांना दिसली! मातोश्रींनीं कधीं काळीं त्यांस मूठभर बिया दिल्या होत्या. अकोले तालुक्यांतील कोंभाळणें येथील राहीबाई पोपेरे यांस २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली, ती अशाच गांवरान बियाणांच्या जतनाबद्दल.

आतां आमचा मुख्य आक्षेप. बहुतेक घरीं चांगल्या काकड्या कोशिंबिरींत जातात, आणि हंगामाअखेर उरलेलें वांकडें, किडकें फळ बियाणास राहतें. म्हणजे दरसाल निकृष्टाचीच निवड! आम्हीही तेंच करीत होतों. वास्तविक तीन-चार निरोगी वेलांवरील सुरुवातीचीं सुडौल फळें सुतळी बांधून राखावीं व पूर्ण पिवळीं होईपर्यंत तोडूं नयेत. गर बियांसह एक-दोन दिवस भांड्यांत आंबूं द्यावा. भरलेल्या बिया तळाशीं बसतात, पोकळ वर तरंगतात. मग धुऊन सावलींत वाळवाव्या. वांकविल्यावर मोडली, तर बी वाळली असें समजावें. शेजारीं निराळी काकडी असल्यास मधमाशा परागांची सरमिसळ करितात. तेव्हां आदल्या सायंकाळीं नर व मादी कळ्या दोऱ्यानें बांधून, सकाळीं हातानें पराग लावून मादी फूल पुन्हां बांधावें. मादी कळीच्या मागें इवलीशी काकडी असते. मुलांस ती चटकन् ओळखतां येते.

आत्याबाईंनीं दिलेल्या वीस बियांचें आतां पुन्हां एक गाडगें भरलें आहे. ज्या विद्यार्थ्यांस हव्या असतील त्यांनीं पावसाळ्यापूर्वीं आमच्याकडून न्याव्या. अट एकच: पहिलें सुडौल फळ घरांत कोणी खाऊं नये, आणि बिया तयार झाल्यावर मूठभर दुसऱ्या गांवीं पोंचत्या कराव्या. पहिल्या अटीवर पालकांचीही सही लागेल.