कोरकू आजीलाही मानधन द्या

मेळघाटात अंगणवाडीला कुणी खेळणी दिली की फोटो लगेच येतात. द्या की, चांगलंच आहे! पण घरी फक्त कोरकू ऐकलेलं तीन वर्षांचं पोर मराठी गाण्यापुढे गप्प बसतं आणि आपण म्हणतो, पोर मागे आहे. सेविका गावचीच असते, तिला कोरकू येतेही. पण तक्ते, पुस्तकं बहुतेक मराठीत.

ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं, पुढे कोसबाडला गेल्या. वारली मुलं गुरं राखायला जायची, तर शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा!

आजच्या संस्थांनी आराखडा करण्याआधी गावातल्या आजीला बोलवावं. तिची गाणी, गोष्टी घ्याव्यात आणि मानधनही द्यावं. शहरातून आलेल्या प्रशिक्षकाला मिळतं, मग तिचाच 'लोकसहभाग' फुकटात का?