नाण्याला ग्रंथ, आवाजाला एक ओळ

प्रोफेसर अनंत सदाशिव अळतेकर. जन्म १८९८, कोल्हापूरकडचे. आधी बनारस हिंदू विद्यापीठात प्राचीन इतिहासाचे प्राध्यापक, मग पाटण्याला. १९३४ साली राष्ट्रकूटांवर ग्रंथ. १९४६ साली मजुमदारांबरोबर वाकाटक-गुप्तांवर. १९५४ साली बयानाला सापडलेल्या गुप्तांच्या १८०० हून जास्त सोन्याच्या नाण्यांची सूची. १९६० साली वारले. माणूस विद्वान, कष्टाळू. ते नाकारून आपल्याला काय मिळणार? १९५८ साली वैशालीच्या स्तूपातनं बुद्धाच्या अस्थींचा करंडक निघाला तोही यांच्याच हाताखालच्या उत्खननात. हेही लिहून ठेवा.

मग भांडण कशाचं? मोजमापाचं.

नाणं मोजता येतं. राजा घोड्यावर, राजा सिंह मारताना, राजा वीणा वाजवताना. एकेक ठसा, एकेक वजन. नाण्यातनं साम्राज्य उभं राहतं, साम्राज्यातनं सुवर्णयुग, आणि सुवर्णयुगातनं विद्यापीठातली खुर्ची.

त्याच चंद्रगुप्ताच्या राज्यात फाहियान हा चिनी भिक्खू हिंडत होता. त्यानं लिहिलंय, चांडाळ गावाबाहेर राहतात आणि शहरात, बाजारात शिरताना लाकूड वाजवतात. लोकांना बाजूला व्हायला कळावं म्हणून. ठक् ठक्. ह्या आवाजाचं वजन किती ग्रेन, प्रोफेसर? फाहियान ह्या मंडळींना ठाऊक नव्हता असं नाही. सगळ्यांनी वाचलेला. पण नाण्याला ग्रंथ मिळतो आणि त्या लाकडाला एक ओळ. गोदीत आम्ही पाठीवर माल वाहतो, पावती मालकाच्या नावानं फाटते. तसंच हे.

बाबासाहेबांकडे इतिहासाची खुर्ची नव्हती. १९४८ साली 'द अनटचेबल्स' लिहिताना त्यांनी हाच फाहियान तपासला. आणि बघा, चांडाळाच्या दाखल्यावर झडप घातली नाही. अपवित्र मानणं वेगळं, अस्पृश्य करणं वेगळं, हे ताडून पाहिलं आणि मग अस्पृश्यतेचा जन्म इ. स. ४०० च्या आसपासचा ठरवला. म्हणजे ऐन गुप्तांच्या भरात! ज्याला तुम्ही सोन्याचं युग म्हणता, त्यातच आमचा उकिरडा सुरू झाला. कोसंबीसुद्धा नाणीच तोलत बसायचे. पण नाणं किती हातांतून झिजलं, ते हात कुणाचे, हे विचारायचे. त्यांचीही नोकरी गणिताची. योगायोग म्हणायचा?

मी शिवऱ्याचा. भोर तालुका, पुणे-सातारा रस्ता. पेशवाईत त्या पुण्यात आमच्या माणसानं गळ्यात मडकं अन् कमरेला झाडू बांधून फिरायचं, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच छापलंय. आमच्या मुलखात वेसकराच्या हातात काठी असायची. वतन गेलं ते १९५८ च्या कायद्यानं. फाहियानपासून धरा, साडेपंधराशे वर्षं काठी वाजत राहिली. साम्राज्यं किती आली-गेली, प्रोफेसरांनी मोजलीत.

ज्यांनी ती काठी वाजताना ऐकली असे म्हातारे आता हाताच्या बोटांवर. त्यांना विचारायला इतिहास विभागातला कोण शिवऱ्याला आला? रस्ता तर डांबरी आहे. गाडी थेट जाते.