दोन पेढ्या, एक खातेवही

दोन विमान कंपन्या एक झाल्याचे वृत्त वाचले की आपण व्यापारी मंडळी प्रथम भांडवलातील वाटा पाहतो. ते स्वाभाविकच आहे. परंतु वाटा ठरला म्हणजे विलीनीकरण झाले, असे नव्हे. उड्डाणाचा परवाना, तिकिटांचे आरक्षण, देखभालीचे नियम हे सारे एक व्हावे लागते. सर्वांत नाजूक प्रश्न असतो तो ज्येष्ठतेचा. कप्तानपद आधी कोणास मिळावे आणि मोठे विमान कोणी चालवावे, हे बहुधा त्यावरच ठरते.

सन २००७ मध्ये सरकारी एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे एकत्रीकरण झाले. एकीचा व्यवहार परदेशी मार्गांवरचा, दुसरीचा मुख्यतः देशातला. एकीकडे प्रामुख्याने बोइंग, दुसरीकडे एअरबस. नाव लगेच एक झाले. पण दोन्हींची उड्डाणे 'एआय' या एकाच संकेताखाली यायला २०११ साल उजाडले. वेतन व ज्येष्ठतेचा गुंता सोडवण्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमावी लागली. २०१२ मध्ये नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही देण्याच्या प्रश्नावरून मूळ एअर इंडियाच्या वैमानिकांनी ५८ दिवस संप केला. कागदोपत्री एक झालेल्या घरात पाच वर्षांनंतरही 'आमचे' आणि 'तुमचे' शिल्लक होते.

टाटा समूहाने २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया ताब्यात घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विस्तारा तिच्यात विलीन करण्याचे जाहीर केले. प्रत्यक्ष विलीनीकरण झाले १२ नोव्हेंबर २०२४ रोजी. मधली दोन वर्षे परवानग्या आणि पूर्वतयारीत गेली. विस्ताराच्या उड्डाण-क्रमांकांपुढे '२' हा आकडा जोडला गेला, त्यामुळे आपले विमान कोणते हे प्रवाशास ओळखता आले. नियमित प्रवाशांच्या खात्यांवरील गुणही नव्या योजनेत वर्ग झाले. तरीही वाट निष्कंटक नव्हती. नव्या वेतन-कराराने विस्ताराचे वैमानिक नाराज झाले आणि २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये बरीच उड्डाणे रद्द करावी लागली. यंत्रणांची जोडणी वेळापत्रकानुसार होऊ शकते. माणसाच्या मनातील हिशेब मात्र त्याच्याशी बोलूनच मिटवावा लागतो.

आपल्याकडेही दोन भावांच्या पेढ्या एक होतात, कधी व्याह्यांच्या भागीदारीतून नवी पेढी उभी राहते. भांडवलाचा आणि नफ्याचा करार आपण काळजीपूर्वक लिहितो. पण तीस वर्षे गल्ला सांभाळणाऱ्या दिवाणजींचे स्थान काय राहील, दोन्हीकडच्या मुलांपैकी खरेदीचा निर्णय कोण घेईल, जुन्या ग्राहकाची उधारी-सवलत पुढे चालेल की नाही, याविषयी बहुधा संकोचाने मौन पाळले जाते. त्या मौनाची किंमत पुढे दोन्ही घरांना मोजावी लागते. म्हणून नवी पाटी रंगवायला देण्यापूर्वी एक संध्याकाळ सर्वांनी एकत्र बसावे, दिवाणजींनाही बोलवावे आणि ही उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत.