रबर झाडाचे, कचरा कायमचा

पावसाळ्यात डेंग्यूच्या अळ्या शोधणारे आरोग्य कर्मचारी कूलर आणि फ्रिजचा ट्रे पाहतात, तसेच पंक्चरच्या दुकानामागचे जुने टायरही पाहतात. त्यात साचलेले पाणी एडिस डासाला फार सोयीचे. हाच टायर हिवाळ्यात शेकोटीत गेला की त्याचा धूर दमेकऱ्यांच्या छातीत उतरतो. टायर कुजत नाही आणि जाळला तर घातक ठरतो.

खरे तर नैसर्गिक रबर झाडाच्या चिकापासून मिळते. मग ते मातीत का मिसळत नाही? चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची रीत शोधली. त्यात रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना पक्क्या जोडल्या जातात. मजबुती येते, पण ते पुन्हा वितळवून घडवता येत नाही आणि सूक्ष्मजीवांनाही सहजी दाद देत नाही. म्हणजे कच्चा माल झाडाचा असून भागत नाही, जोडणी कशी आहे ते महत्त्वाचे.

नवे संशोधन ही जोडणीच बदलू पाहते. पॅरिसच्या लुडविक लाइबलर यांच्या गटाने २००८ मध्ये वनस्पती तेलातील मेदाम्ले आणि युरिया वापरून रबरासारखा पदार्थ केला. कापलेले तुकडे एकमेकांना चिकटवून धरले की ते पुन्हा सांधतात. पुढे प्रक्रिया केलेले सोयाबीन तेल आणि लिंबातले सायट्रिक आम्ल यांपासून उष्णतेने पुन्हा सांधणारा पदार्थही तयार झाला. त्यातील एस्टर बंध पाणी आणि सूक्ष्मजीवांची विकरे तोडू शकतात.

सोयाबीन पिकवणाऱ्या वर्धा जिल्ह्याने याकडे लक्ष द्यायला हवे. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ इथेच स्थापन झाला. सुधारित तेलघाणीला ‘वर्धा घाणी’ हे नाव इथूनच मिळाले. मात्र निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करणाऱ्या देशात ताटातले तेल कारखान्याकडे वळवणे परवडणारे नाही. अखाद्य एरंडेल हा अधिक शहाणपणाचा मार्ग. पॉलियुरेथेनसाठी ते आजही वापरले जाते. एरंडीच्या बीत रिसिन हे विष असते, तेव्हा पेंड हाताळणाऱ्या मजुरांचे संरक्षण आधी.

रुग्णालयासाठी कसोटी आणखी कडक हवी. हातमोजा वापरताना विरघळता कामा नये, त्यातून जंतू आरपार जाता कामा नयेत. शिवाय विघटनशील असला, तरी वापरलेला मोजा उकिरड्यावर टाकता येणार नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार तो लाल पिशवीतच जायला हवा.

म्हणून ‘वनस्पतीजन्य’ या शिक्क्यावर समाधान मानू नये. किती दिवसांत, कोणत्या मातीत आणि किती तापमानाला ही वस्तू विघटित होते, हे उत्पादकाने छापावे आणि सरकारी खरेदीत ते तपासले जावे. मगनवाडीतील महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आणि जिल्ह्यातील वैद्यकीय महाविद्यालयांनी मिळून अशी चाचणी उभी करावी. वस्तू कशापासून बनली हे सगळेच सांगतात. तिचे शेवटी काय होते, हे विचारणे आपल्या हाती आहे.